नायट्रॉक्सचा कोर्स जरूर करा, सिलिंडर मात्र लॉगबुक बघून घ्या

प्रश्न खारघरहून आला आहे. थोडक्यात असा: "आम्ही नवरा-बायकोने मार्चमध्ये अंदमानात हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स केला. दोघांच्याही आतापर्यंत ९ डाइव्ह झाल्या आहेत. डिसेंबरला पुन्हा ५ दिवसांसाठी जातोय. तिथल्या सेंटरवाल्यांनी 'या वेळी नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेचा, कोर्सही करून टाका' असं सुचवलं. ऑफिसातला एक मित्र म्हणतो, ते एक्स्पर्ट लोकांचं काम, पाण्यातच फिट येते. दुसरा म्हणतो, नायट्रॉक्सवर अजिबात दमायला होत नाही, हल्ली सगळे तोच घेतात. आम्ही घ्यावा का? सोबत दोघांच्या लॉगबुकच्या, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीच्या, पानांचे फोटो पाठवतोय."

लॉगबुकची पानं पाठवलीत हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. कोर्स दोघांनीही करा. नायट्रॉक्सचा सिलिंडर मात्र तुम्हाला स्वतःला इतक्यात लागणार नाही. वहिनींना कदाचित याच ट्रिपमध्ये लागेल. आता हे असं उलटसुलट का, ते सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे बातम्यांत सर्रास लिहितात, "ऑक्सिजन सिलिंडर लावून समुद्रात उतरले." त्या सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते: २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. निव्वळ ऑक्सिजन घेऊन तुम्ही मार्चमध्ये गेलात त्या १६ मीटरवर जाणं जिवावर बेतेल. नायट्रॉक्स म्हणजे याच हवेत ऑक्सिजन थोडा वाढवलेला. सेंटरवर साधारण ३२ किंवा ३६ टक्क्यांचा मिळतो. ऑक्सिजन वाढला की तेवढा नायट्रोजन घटतो, आणि सगळा खटाटोप या घटलेल्या नायट्रोजनसाठी आहे.

दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. तो प्रमाणाबाहेर साठला आणि तुम्ही वर आलात, की सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे अंगात धरतात. तो बेंड्सचा आजार. म्हणून प्रत्येक खोलीला एक नो-डेको वेळ ठरलेली असते, तेवढ्या वेळात निघालं तर थेट वर येता येतं. साध्या हवेवर पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात ती १६ मीटरला ७२ मिनिटं आहे, १८ मीटरला ५६, २२ मीटरला ३७ आणि ३० मीटरला फक्त २०. नायट्रोजन कमी केला की ही वेळ वाढते. उदाहरणार्थ, ३२ टक्क्यांचा नायट्रॉक्स घेऊन ३० मीटरवर गेलात, तर नायट्रोजनच्या हिशेबाने तुम्ही सुमारे २४.४ मीटरवर असता. तक्त्यात पुढची, म्हणजे २५ मीटरची रांग धरायची: २९ मिनिटं. वीसची एकोणतीस झाली, हा फायदा खरा आहे.

आता तुमचं पान घेऊ. सातवी डाइव्ह. जास्तीत जास्त खोली १६ मीटर, सरासरी १२, वेळ ३४ मिनिटं. सिलिंडरमधला दाब दाखवणारा गेज २०० बारवरून ५० वर. तिथे भाड्याने मिळणारा अॅल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा असतो. १५० बार गुणिले ११, म्हणजे १६५० लिटर हवा तुम्ही ३४ मिनिटांत संपवलीत. मिनिटाला साडेअठ्ठेचाळीस लिटर. सरासरी १२ मीटरवर दाब २.२ बार, त्याने भागलं की पाण्याबाहेरचा तुमचा दर निघतो, मिनिटाला २२ लिटर. नवीन माणसाच्या मानाने हा दर अगदी नेहमीचा आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण अर्थ नीट बघा. नायट्रोजनने तुम्हाला ७२ मिनिटं दिली होती, तुम्ही ३४ व्या मिनिटाला वर आलात. तुम्हाला वर आणलं ते संपत आलेल्या हवेने. तिथे नायट्रॉक्स घेतला असता तर नो-डेको वेळ आणखी वाढली असती, आणि तरीही तुम्ही ३४ व्या मिनिटालाच वर आला असता. नायट्रॉक्सने सिलिंडर मोठा होत नाही, त्यातले लिटर तेवढेच असतात.

खोल गेल्यावर तरी उपयोग होईल, असं वाटेल. करून बघू. ३० मीटरवर दाब ४ बार, तुमच्या दराने मिनिटाला ८८ लिटर. ते १६५० लिटर तिथे १९ मिनिटंही पुरणार नाहीत, आणि त्यातून वर येण्यासाठीची हवा अजून बाजूला काढलेली नाही. म्हणजे साध्या हवेची २० मिनिटंसुद्धा तुम्हाला पूर्ण वापरता येत नाहीत. (तसंही ओपन वॉटर कार्डावर तुमची हद्द १८ मीटर आहे, ३० मीटर पुढच्या कोर्सनंतर.)

वहिनींचं पान मात्र वेगळं आहे. तीच डाइव्ह, तीच ३४ मिनिटं, आणि त्यांचा गेज २०० वरून ९० वर. दर निघतो मिनिटाला १६ लिटरच्या आसपास. त्या तुमच्याबरोबर वर आल्या म्हणून डाइव्ह ३४ मिनिटांची झाली, नाहीतर आणखी दहा-बारा मिनिटं आरामात राहिल्या असत्या. ३० मीटरवर त्यांची हवा २५ मिनिटं जाईल आणि साध्या हवेची नो-डेको वेळ २० व्या मिनिटालाच संपेल. ज्याची नो-डेको वेळ हवेच्या आधी संपते, त्याला नायट्रॉक्सचा उपयोग. कार्डावर किती डाइव्ह लिहिल्या आहेत, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. माझ्याकडे साठ डाइव्ह झालेले लोक येतात ज्यांना नायट्रॉक्सने अजूनही काही मिळत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या डाइव्हपासून मासोळीसारख्या संथ श्वास घेणाऱ्या मुली येतात.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही हिशेबात धरायला हवी. आपण ठाणे-नवी मुंबईची माणसं डायव्हिंग कसं करतो? खाडीत मनगटापर्यंत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. मालवण पावसाळ्यात बंद. मग वर्षातून एकदा-दोनदा रजा टाकायची, कोकणकन्येने कुडाळ गाठायचं नाहीतर विमानाने अंदमान, आणि गेल्यासारखं रोज तीन-तीन डाइव्ह हाणायच्या. पाचव्या दिवसापर्यंत अंगातला नायट्रोजन पूर्ण बाहेर पडायला सवडच मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला नो-डेको वेळ पहिल्यापेक्षा आखूड असते, हे तुमच्याही मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर दिसलं असेल. अशा भरगच्च ट्रिपमध्ये नायट्रॉक्स घेऊन कॉम्प्युटर मात्र हवेवर ठेवायचा, म्हणजे वेळ वाढवायची नाही, फक्त साठा कमी करायचा, ही पद्धत मला पटते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो. फक्त तेव्हा खोलीची हद्द डोक्यात पक्की असली पाहिजे, कारण हवेवर ठेवलेला कॉम्प्युटर ऑक्सिजनबद्दल ओरडणार नाही.

ही खोलीची हद्द म्हणजे तुमच्या पहिल्या मित्राचा मुद्दा. तो चुकीचं बोलत नाही, फक्त जागा चुकवतो आहे. दाबाखाली जास्त ऑक्सिजन विषारी ठरतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ सालीच लिहून ठेवलं. त्यात आकडी येते. पाण्याबाहेर आकडी आली तर माणूस बहुतेक सावरतो. पाण्यात श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडातून सुटतो आणि माणूस बुडतो. कधी आधी ओठ फडफडतात, कान वाजतात, नजर बोगद्यासारखी आखडते, मळमळतं. कधी यातलं काहीच होत नाही, थेट आकडी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी डायव्हर्सवर शेकडो चाचण्या घेतल्या. त्यांतली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की सहनशक्ती माणसागणिक तर बदलतेच, एकाच माणसाची दिवसागणिकही बदलते. म्हणून "मला मागच्या वेळी काही झालं नव्हतं" या वाक्याला इथे काहीही किंमत नाही.

त्यामुळे हद्द सगळ्यांना एकच. ऑक्सिजनचा दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, १.६ हा आकडा फक्त आणीबाणीसाठी. ३२ टक्क्यांना १.४ बार होतात साधारण ३३ मीटरवर, ३६ टक्क्यांना २८ मीटरवर. तुम्ही ३२ टक्के घेऊन १८ मीटरवर असाल तेव्हा ऑक्सिजनचा दाब ०.९ बारही नसतो. म्हणजे तुमच्या हद्दीत राहिलात तर धोक्याची रेषा आणखी पंधरा मीटर खाली आहे. नवशिक्याला नायट्रॉक्स म्हणजे मरण, असं म्हणणं म्हणूनच मला मान्य नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच म्हटलं जायचं, सैतानाचा वायू असं नावही पाडलं होतं. दशक संपेपर्यंत मोठ्या प्रशिक्षण संस्था स्वतःच त्याचे कोर्स चालवू लागल्या.

माझी चिंता वेगळी आहे. नवीन डायव्हरचं ठरवलेल्या खोलीवर राहणं अजून हातात बसलेलं नसतं. कमरेला वजन गरजेपेक्षा दोन किलो जास्त, हातात कॅमेरा, समोर कासव. कासव उताराच्या कडेने खाली जातं, हा मागोमाग. हवेवर ही चूक झाली तर खिशातली मिनिटं कमी होतात, आणि ओरडायला मी असतोच. ३६ टक्के घेऊन २५ मीटरच्या डाइव्हवर हीच चूक झाली, तर चार-पाच मीटरच्या घसरगुंडीत हद्द ओलांडली जाते. म्हणून डेप्थ हातात येईपर्यंत ३६ नको. ३२ पुरे.

दुसरं म्हणजे श्वास. हवा पुरावी म्हणून नवीन लोक श्वास रोखून रोखून घेतात. कोणीतरी बोटीवर सल्ला दिलेला असतो. असं केल्याने अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं धरतं, आणि तोच साठलेला कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या विषबाधेला वाट करून देतो. प्रवाहाविरुद्ध धापा टाकत पोहलात तरी तेच होतं. शिवाय कान मोकळे व्हावेत म्हणून डाइव्हच्या आधी सर्दीची गोळी घेण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यातल्या स्यूडोएफेड्रिनसारख्या औषधांनी हा धोका वाढत असावा अशी शंका आहे. गोळी लागतेय इतकी सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह करू नका, हवेवरही नको.

दुसऱ्या मित्राच्या दमण्याबद्दल थोडक्यात. पुष्कळ अनुभवी लोक मनापासून सांगतात की नायट्रॉक्सनंतर ताजंतवानं वाटतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डायव्हर्सना कोरड्या चेंबरमध्ये १८ मीटरच्या दाबाला नेऊन कधी हवा, कधी ३६ टक्के दिला आणि थकवा मोजला. फरक दिसला नाही. पहाटे उठणं, बोटीचे हेलकावे, ऊन आणि कमी पाणी पिणं, बोटीवरच्या थकव्याची ही कारणं मला जास्त खरी वाटतात. खोलवर येणारी नायट्रोजनची धुंदीही नायट्रॉक्सने कमी होते असं धरू नका, ऑक्सिजनही तिला हातभार लावतो असंच आज मानतात.

मग वापरायचा नसेल तर कोर्स कशाला? सिलिंडर तपासण्यासाठी. सगळ्या कोर्समधली ही एक सवय मला सर्वात मोलाची वाटते. काही वर्षांपूर्वी एका बोटीवर आमच्यासाठी ३२ टक्क्यांचे सिलिंडर ठेवले होते, प्रत्येकावर मास्किंग टेपची पट्टी, मार्करने लिहिलेलं "३२". डाइव्ह ३० मीटरची. ऑक्सिजनचा टक्का मोजणारा अॅनालायझर हवेवर लावून २०.९ दाखवतो की नाही पाहिलं. मग व्हॉल्व्ह अगदी बारीक उघडला, फक्त फुसफुस ऐकू येईल इतका, आणि सेन्सर त्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी धरला. आकडा चढत चढत ३२ ला पोचला आणि थांबेना. ३५, ३६, शेवटी ३८.१ वर स्थिरावला. दुसऱ्या अॅनालायझरवर ३८. पट्टी जुन्या भरणीची होती, कोणी काढलीच नव्हती. ३८ टक्के घेऊन ३० मीटरवर ऑक्सिजनचा दाब दीड बारच्या वर जातो. त्या सिलिंडरला अंगठ्याने टेप खरवडून नवीन पट्टी लावली: ३८, २६ मीटर, तारीख, माझं नाव. आणि तो मी उथळ डाइव्हला वापरला. बोटीवरच्या पोराचा हेतू वाईट नव्हता, दिवसभरात चाळीस सिलिंडर भरणाऱ्याच्या हातून हे होतं. म्हणून स्वतःच्या सिलिंडरचा आकडा स्वतः, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. "सरांनी चेक केलंय" चालणार नाही. मी तुमचा सर असलो तरी चालणार नाही.

डिसेंबरसाठी असं करा. कोर्सचा वाचायचा भाग आणि गणितं इथेच, घरी बसून उरकून घ्या. बहुतेक ठिकाणी पाण्यात उतरणं ऐच्छिक असतं, पण अॅनालायझर हातात घेतल्याशिवाय कार्ड घेऊ नका. त्याआधी दोन-तीन रविवार कुठल्याही पूलमध्ये वजनाचा अंदाज पक्का करा. मी घोडबंदरच्या पूलमध्ये सगळ्यांकडून एक गोष्ट करून घेतो: तळापासून फूटभर वर, हातपाय न हलवता, फक्त श्वासावर पाच मिनिटं तरंगायचं. पहिल्या दिवशी बहुतेक जण मिनिटभरात टाइल्सला टेकतात किंवा वर निघून जातात. ज्या दिवशी ते जमतं त्या दिवसापासून गेजवरचा काटाही हळू उतरायला लागतो, कारण हातवारे थांबले की धापही थांबते. तुमच्या २२ लिटरचे १८ झाले, तर तुम्हाला जे हवं होतं, पाण्यात जास्त वेळ, ते कुठलाही खास वायू न घेता मिळेल.

हॅवलॉकला पहिले दोन दिवस दोघंही हवेवर राहा. तिसऱ्या दिवसापासून, रोज तीन डाइव्ह होणार असतील तर, वहिनींनी ३२ घ्यावा. तुम्हीही घेतलात तर नुकसान नाही, साठा तेवढा कमी. एकाने हवा आणि दुसऱ्याने नायट्रॉक्स घेतला असेल तर एकत्र डाइव्ह करताना वेळ हवावाल्याची आणि खोलीची हद्द नायट्रॉक्सवाल्याची धरायची, दोघांनीही.

परतीच्या प्रवासात नायट्रॉक्सची सूट नाही. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसेपर्यंत किमान १८ तास. हाच नियम मालवणहून गाडीने परत येणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. दुपारी तारकर्लीला डाइव्ह करायची आणि संध्याकाळी आंबोली घाटाने वर चढून कोल्हापूरमार्गे घर गाठायचं, हे बरेच जण करतात. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरच्या आसपास आहे. शरीराच्या दृष्टीने ते थोडं विमानात बसण्यासारखंच झालं. किनाऱ्याच्या हायवेने या, नाहीतर रात्र तिथेच काढा.

आणि कॉम्प्युटर. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने सकाळी ३२ वर डाइव्ह केली, दुपारी हवेचा सिलिंडर लावला आणि कॉम्प्युटर ३२ वरच राहिला. पाण्यात तो तिला खऱ्यापेक्षा जास्त मिनिटं दाखवत होता आणि ती निर्धास्त होती. बाविसाव्या मीटरवर माझे आणि तिचे आकडे जुळेनात म्हणून लक्षात आलं, लगेच वर घेतलं, वर येताना थांबायचा सेफ्टी स्टॉप लांबवला, बाकी दिवस तिला कोरडं ठेवलं. तेव्हापासून माझ्या बोटीवर सिलिंडर बदलला की बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, दुसऱ्याच्या मनगटावरचा टक्का मोठ्याने वाचायचा आणि सिलिंडरच्या पट्टीवर बोट ठेवायचं. तुम्ही दोघं एकमेकांचा वाचा.